पोकळ काचेचं भिंग

नदीवर चपटा दगड तिरका फेकून ज्याने भाकऱ्या काढल्या आहेत, त्याला क्ष-किरण एकवटणाऱ्या काचनळीतलं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक आहे. दगड वरून टाकला तर बुडतो, पाण्याला लगटून फेकला तर उसळतो. क्ष-किरण आणि काच यांचंही तसंच.

१८९५ साली रॉन्टगेनने हे किरण शोधले, तेव्हा भिंगाने ते एकवटता येत नाहीत हेही नोंदवलं. पुढे १९२३मध्ये आर्थर कॉम्प्टनने दाखवलं, की निसटत्या कोनात आले तर ते गुळगुळीत पृष्ठभागावरून पूर्ण परततात. हा कोन फारच कंजूष : १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणासाठी काचेवर जेमतेम अंशाचा सहावा भाग.

म्हणून भिंगाऐवजी नळी. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या मैदानाखाली क्ष-किरणांचे प्रखर झोत देणारी ‘चेस’ ही सिंक्रोट्रॉन प्रयोगशाळा आहे. डॉन बिल्डरबॅक आणि सहकाऱ्यांनी तिथे १९९४मध्ये निमुळत्या काचनळीतून झोत ५० नॅनोमीटरइतका बारीक केला. नंतर तिथे लंबवर्तुळाकार पोटाच्या नळ्याही होऊ लागल्या. त्यांत किरण भिंतीला एकदाच शिवतो आणि थेट नाभीशी पोचतो.

त्या घडवण्याची रीत बघण्यासारखी. काचेची नळी उभी ताणून धरायची आणि छोटी भट्टी तिच्या अंगावरून सरकवायची. भट्टी किती वेगाने सरकते आणि ताण किती, यावर कुठे किती बारीक व्हायचं ते ठरतं. आतून पॉलिश कोणी करत नाही, करताही येणार नाही. मऊ झालेली काच पृष्ठताणाने आपली आपणच गुळगुळीत होते. मला यातलं सर्वांत मोठं कौतुक याचंच वाटतं. मूळ नळीतला वाकडेपणा मात्र ताणूनही पुरता जात नाही, आणि झोताचा ठिपका पसरतो तो त्यामुळेच.

मॉस्कोत भौतिकशास्त्रज्ञ कुमाखोव यांनी १९८०च्या दशकात वेगळी वाट धरली : एक नळी नव्हे, असंख्य सूक्ष्म नळ्यांची जुडी. अशीच जुडी ‘पर्सिव्हिअरन्स’ रोव्हरच्या हातावर बसून मंगळावरचे खडक तपासते आहे.

‘चेस’मध्येच चित्रकार एन. सी. वायथ यांचं एक कौटुंबिक चित्र तपासलं गेलं. एका काचनळीने झोत रंगात सोडायचा, नळ्यांच्या जुडीने नेमक्या तेवढ्याच ठिपक्यातून निघणारे किरण टिपायचे, मग थरामागून थर खाली उतरायचं. त्या शांत कुटुंबाखाली हाणामारीचं जुनं रंगचित्र आहे. वरचा रंग कुठेही खरवडावा लागला नाही.