चारीचे पाणी, शिरेतले औषध

कोपरगावात पाटाचे आवर्तन सुटले की शेतकऱ्याचे डोळे घड्याळाकडे लागतात. चारीला पाणी कमी आले तर ऊस वाळतो, जास्त झाले तर रान चिबडते. आयसीयूत खाटेजवळच्या दांड्यावरचा इन्फ्युजन पंप असाच हिशेब शिरेतल्या औषधाचा ठेवतो. फरक एवढाच, की इथे चुकले तर पुढच्या आवर्तनाची वाट पाहता येत नाही.

पूर्वी सिस्टर घड्याळ धरून थेंब मोजत. नेहमीच्या नळीत २० थेंबांचा एक मिलिलिटर. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत द्यायची तर मिनिटाला ४२ थेंब. रुग्णाने हात दुमडला की गणित मोडले. साध्या सलाईनला हे चालून जाते. इन्सुलिन, पोटॅशियम किंवा रक्तदाब सावरणाऱ्या नॉरॲड्रिनॅलिनला नाही.

त्यांच्यासाठी पंप लागतो. साधा पंप मात्र फार आज्ञाधारक. ताशी ५ मिलिलिटरऐवजी ५० दाबले, तर दहा तास पुरणारी सिरिंज तो तासाभरात रिकामी करतो. स्मार्ट पंपात औषधांची यादी आणि प्रत्येकाच्या मर्यादा भरलेल्या असतात. पहिली मर्यादा ओलांडली की तो विचारतो, दुसरी ओलांडली की सुरूच होत नाही.

यंत्रही चुकते. २००५ ते २००९ या काळात अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे, एफडीएकडे, इन्फ्युजन पंपांबाबत सुमारे ५६,००० तक्रारी आल्या, ८७ वेळा पंप परत मागवावे लागले. बिघडलेले सॉफ्टवेअर, एकदा दाबून दोनदा उमटणारे बटण, दगा देणारी बॅटरी ही त्यातली काही कारणे. भारतात असे बिघाड कळवण्यासाठी २०१५पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाचा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे.

पण खरी मेख स्मार्ट पंपातल्या औषधांच्या यादीत आहे. ती रुग्णालयानेच ठरवायची असते. एका पाळीत ५० मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम औषध मिसळले आणि दुसऱ्या पाळीत ८, तर वेग तोच राहून डोस दुप्पट होतो. म्हणून सगळ्या वॉर्डांत मिश्रणाचे प्रमाण एकच हवे. घाईत यादी वगळून नुसता वेग टाकला, तर महागडा स्मार्ट पंप पुन्हा साधाच. आणि सिरिंजमध्ये औषधच चुकीचे भरले असेल, रुग्णाचे वजन चुकीचे टाकले असेल, तर ते यंत्राला कळत नाही. तिथे दुसऱ्या सिस्टरची नजर लागते.

रुग्णाला कोपरगावहून लोणीला किंवा नाशिकला हलवताना जोखीम वाढते. निघण्याआधी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. सिरिंज पंप रुग्णाच्या पातळीतच ठेवावा. तो उंच टांगला आणि सिरिंज नीट बसलेली नसली, तर औषध आपोआप ओढले जाते. नळी पंपातून काढण्याआधी तिच्यावरचे चाक बंद करावे.

राहिले नातेवाईक. पंपाची बीप म्हणजे कदाचित नळी दुमडली असेल, कदाचित औषध संपत आले असेल. आवाज बंद करायचे बटण शोधू नका. नळीही स्वतः सरळ करू नका. अडलेले औषध एकदम शिरेत जाऊ शकते. सिस्टरला हाक मारा.