पिवळ्या गोळीमागचा पैसा

लहान मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. शेवटच्या लांबलचक टप्प्यात मूल बहुतेक घरीच असतं. एक गोळी रोज घ्यायची. मेथोट्रेक्सेटच्या छोट्या पिवळ्या गोळ्या मात्र आठवड्यातून एकदाच. त्यांचा वार कॅलेंडरवर खुणा करून पाळावा लागतो, कारण चुकून रोज दिल्या तर जिवावर बेततं.

हे औषध ज्या कुळातलं, त्याची सुरुवात एका भारतीयाच्या प्रयोगशाळेत झाली. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक आम्लाने रक्ताचा कर्करोग उलट बळावतो, असं बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं होतं. मग फॉलिक आम्लासारखं दिसणारं, पण पेशीचं काम अडवणारं औषध दिलं तर? सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं अमिनोप्टेरिन हे तसं औषध होतं. कुलपात जाऊन अडकणाऱ्या खोट्या किल्लीसारखं. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १० मुलांना उतार पडला होता. तो टिकला नाही, पण हा आजार औषधाने मागे हटतो हे प्रथमच दिसलं.

पुढच्या संशोधनाला पैसा हवा होता. त्याच वर्षी मे महिन्यात एका रेडिओ कार्यक्रमात बोस्टनच्या रुग्णालयातला १२ वर्षांचा मुलगा ‘जिमी’ या टोपणनावाने देशभर ऐकू गेला. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले होते. श्रोत्यांना २० हजार डॉलर्सचं आवाहन केलं होतं. जमले २ लाख ३१ हजारांहून अधिक. ‘जिमी फंड’ आजही चालू आहे.

असा निधी लागतो, कारण इथे बाजाराचं गणित जुळत नाही. कर्करोगाच्या एकूण रुग्णांत मुलं फार थोडी, म्हणून औषध कंपन्यांना या संशोधनात मोठा नफा दिसत नाही. तेव्हा हा भार सरकार, सार्वजनिक संस्था आणि देणगीदारांवरच येतो.

हा पैसा केवळ नव्या औषधांवर खर्च होतो असंही नाही. १९८०च्या दशकात मुंबईचं टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साथीने ‘एमसीपी-८४१’ हा उपचारक्रम राबवला. औषधं माहितीतलीच होती. कोणतं, कधी, किती आणि कशानंतर द्यायचं हे आपल्या परिस्थितीत नीट बसवलं, आणि वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण लक्षणीय वाढलं. उपचार अर्धवट सोडून गावी परतणाऱ्या कुटुंबांचा प्रश्नही असाच अभ्यासावा लागला. मुंबईत राहायचं कुठे, मजुरी बुडाली तर खायचं काय, ही कारणं पुढे आली. म्हणून आज निवास, आहार, समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानला जातो.

तरी दरी मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. नव्या उपचारांतही अशीच दरी दिसते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या ‘नेक्सकार१९’ या स्वदेशी कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरतात) ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, पण १५ वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. त्याहून लहान मुलांकरता वेगळ्या चाचण्या लागतात, आणि त्यांना वेगळा पैसा.

एखाद्या चिमुकल्याच्या फोटोखाली आवाहन आलं की आपला हात खिशाकडे जातो, आणि जायलाच हवा. पण त्या देणगीने एक मूल वाचतं. पुढच्या हजारो मुलांना काय द्यायचं, ते संशोधनातून ठरतं. रुग्णालयाला देणगी देताना ‘यातलं काही बालकर्करोगाच्या संशोधनासाठी वापरता येईल का?’ एवढं तरी विचारावं. संशोधनासाठी कुठल्या बाळाचा फोटो छापता येत नाही, म्हणून ते आपणहून विचारावं लागतं.