घागरीवरची नावं

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या वरणगावच्या घरी नवी घागर भरत. घागरीवर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकताना आजोबा एकेका पूर्वजाचं नाव घेत. बाप, आजा, पणजा. पणज्यापाशी त्यांची यादी संपायची आणि ते उठून ओसरीवर जायचे. मग मोठी माय, माझी आजी, चुलीपाशी सरकून बसायची आणि ओठांतल्या ओठांत तिची यादी सुरू व्हायची. सासू, आजेसासू, थोरली जाऊ, बाळंतपणात गेलेली नणंद आणि घरात जिचं नाव कुणी काढत नसे ती आजेसासूची सवतसुद्धा. प्रत्येकीच्या नावानं चिमूटभर घास. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. कोणाची नावं घेतेस म्हणून विचारलं, तर निखाऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "ज्यायचे कोनी घेत नाही, त्यायचे."

संपादकांनी आई-आजींवरच्या मराठी आठवणलेखनाचा आढावा मागितला, तेव्हा ती घागर आधी डोळ्यांपुढे आली. गेली चाळीस वर्षं मी सभेत, वाचनालयात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच गोष्ट सांगत आलो आहे. घरातली कर्ती बाई लिहायची असेल तर तिच्या बोलीत लिहा. विशेषणांत ती सापडत नाही. हा आढावाही मी त्याच मापानं घेणार आहे.

विशेषणांच्या लेखनाची वाट मी भराभर ओलांडतो. माधव ज्यूलियन आणि यशवंत यांच्या आईवरच्या कविता आपल्या सर्वांच्या तोंडी आहेत, त्यांचं मोठेपण वादातीत आहे. पण त्यांच्या मागून जे पीक आलं, त्यात आई ही सदा वात्सल्याची मूर्ती, सदा त्यागी, सदा देवघरातली. वर्षश्राद्धाला निघणाऱ्या स्मरणिका चाळा. मजकूर एकच, फक्त फोटो बदलतो. तिला कोणती भाजी आवडायची, ती कोणावर रागवायची, बाजारात घासाघीस कशी करायची, हे त्यात कुठंही येत नाही. अशी शंभरएक पानं मी दरवर्षी वाचतो आणि मिटून ठेवतो.

खरी वाट बायकांनीच पाडली. रमाबाई रानड्यांचं आठवणींचं पुस्तक १९१०चं. ते पतीवर लिहिलेलं आहे, तरी वाचणाऱ्याला सासरच्या माजघरात एकट्या पडलेल्या त्या मुलीचाच चेहरा आधी दिसतो. पुढं लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागानं आली. लक्ष्मीबाई बोलतात तशा लिहितात. म्हणूनच त्या घरातली भांडणं, भूक, रुसवे आज वाचतानाही ताजे वाटतात. पुढं त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी १९८९मध्ये अभिनव आवृत्ती सिद्ध केली. आजीच्या शब्दांची राखण नातवानं कशी करावी, याचा तो वस्तुपाठ आहे. १९४९च्या 'परिपूर्ती'त इरावती कर्व्यांनी बाईची ओळख कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बायको, शेवटी कुणाची तरी आई अशी कशी सरकत जाते ते दाखवलं. वंशावळीत बाईचं नाव का सापडत नाही, याचं उत्तर मला त्या पुस्तकातच पहिल्यांदा मिळालं.

आता साने गुरुजी. शहरातले काही समीक्षक 'श्यामची आई'ला रडवं पुस्तक म्हणून बाजूला सारतात. त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे. हे पुस्तक गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे संपवलं. बेचाळीस रात्रींची ती गोष्ट. पाच दिवसांत असं पुस्तक ठरवून होत नाही. ते आधी वर्षानुवर्षं बोलून झालेलं असावं लागतं. १९२४मध्ये गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयात ते मुलांत राहिले, मुलांसाठी हातानं 'छात्रालय' दैनिक लिहीत राहिले. पालगडच्या आईची गोष्ट आधी आमच्या खानदेशातल्या पोरांनी ऐकली, असं मी मानतो. आणि त्या आईला नीट पाहा. आंघोळ झालेल्या श्यामच्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून ती धोंड्यावर आपले ओचे पसरते आणि मग, हातातलं काम चालू असताना, मनाचीही तशीच काळजी घे म्हणते. तिच्या शिकवणीला वेगळी वेळ, वेगळा पाट लागत नाही. आमच्याकडच्या कर्त्या बायका अशाच शिकवायच्या. चूल फुंकताना, वांगी निवडताना.

गुरुजींचं दुसरं काम तर लोक विसरलेच. 'स्त्रीजीवन' या नावानं त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून छापल्या. ज्यानं आपल्या आईवर पुस्तक लिहिलं, त्यानंच हजारो अनाम आयांचे शब्द वेचले. माझ्या लेखी ही दोन कामं एकच आहेत. पुढं पुण्यात गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या गाणाऱ्या बायांची नावं, गावं त्यांनी ओवीसोबत जपली. हे मला ओव्यांइतकंच मोलाचं वाटतं.

आता मी ज्यासाठी लेखणी उचलली तिथं येतो. बहिणाबाई.

आसोद्याची लेक, जळगावच्या चौधऱ्यांची सून. जन्म १८८०चा. तिशीच्या आसपास वैधव्य आलं. पदरात मुलं, समोर शेत. लिहिणं-वाचणं आलं नाही. घरोटावर दळताना, शेतात निंदताना गाणं सुचायचं. ते मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी वहीत उतरवून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. पुढच्याच वर्षी त्याच अत्र्यांचा 'श्यामची आई' पडद्यावर आला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. दोन वर्षांत दोन आया महाराष्ट्राच्या घराघरांत गेल्या. दोन्ही वेळा दार उघडणारा माणूस एकच होता.

बहिणाबाईंची 'छापखाना' ही कविता मी विशेष आवडीनं वाचतो. अक्षरओळख नसलेली एक बाई जळगावातला छापखाना पाहते आणि त्याच्यावर गाणं रचते. ज्या यंत्राकडं तिनं बाहेरून कुतूहलानं पाहिलं, त्याच जातीच्या यंत्रातून ती गेल्यावर तिची गाणी बाहेर पडली.

इथं मला दोन पक्षांशी भांडायचं आहे. पहिला पक्ष बहिणाबाईंच्या बोलीला सर्रास अहिराणी म्हणतो. व्याख्यानांत म्हणतो, पाठ्यपुस्तकांच्या गाइडांत म्हणतो. अहिराणी आमची शेजारीण आहे, धुळे, नंदुरबार, अंमळनेर, चाळीसगावकडची. तिच्यात 'शे' आहे, 'मना-तुना' आहे. भुसावळ, यावल, रावेर, बोदवडच्या पट्ट्यातली बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली. ती 'मले-तुले' म्हणते, 'ळ'चा 'य' करून केळीला 'केयी' आणि जळगावला 'जयगाव' म्हणते. हा फरक बारीक वाटेल, पण ज्या बोलीतून गाणं उगवलं तिचंच नाव चुकवलं तर आपण त्या बाईचं माहेर चुकवतो.

दुसरा पक्ष म्हणतो, निरक्षर बाई असूनही चमत्कार. हा 'असूनही' मला सहन होत नाही. आमच्याकडं प्रत्येक गल्लीत अशी एक बाई होती, जिला म्हणी, ओव्या, झोक्यावरची गाणी तोंडपाठ असत आणि प्रसंगी नवी जोडताही येत. बहिणाबाईंची प्रतिभा त्या साऱ्यांत उंच होती, यात शंका नाही. पण त्या टिकल्या, कारण घरात एक मुलगा आणि एक भाचा वही घेऊन बसला. बाकीच्या घरांत वही नव्हती. तिथं गाणं बाईबरोबरच चितेवर गेलं.

आमच्या मुलखाला मोठेपण ओळखून त्यामागं 'आई' लावायची जुनी सवय आहे. वरणगावाहून थोडं पुढं गेलं की मुक्ताईनगर. पूर्वीचं एदलाबाद. जेमतेम अठरा वर्षांचं आयुष्य लाभलेली ज्ञानदेवांची धाकटी बहीण तापीकाठी गुप्त झाली, आणि आमच्या लोकांनी तिला मुक्ताई केलं. चांगदेवासारख्या योग्याची ती गुरू. आईपण वयावर नसतं, जाणतेपणावर असतं, हे वारीला जाणारा आमचा माणूस पोथी न वाचता जाणतो. बहिणाबाईंनाही लोकांनी 'बहिणाई' म्हटलं ते याच सवयीनं. २०१८मध्ये जळगावच्या आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, त्या दिवशी मी घरात गोडधोड करायला लावलं.

१९८६ हे वर्षही विसरता येणार नाही. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही दोन्ही पुस्तकं त्या वर्षी आली. आईला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या लेखनाला या दोघींनी उपाशी आया दाखवल्या, मार खाणाऱ्या आया दाखवल्या, आणि तरी पोरांना शाळेत धाडणाऱ्या आया दाखवल्या. खानदेशापुरतं बोलायचं, तर सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी 'हिंदू'त (२०१०) घरातल्या बायांची जी पिढ्यानपिढ्यांची वस्ती उभी केली, ती वाचताना मला आमच्या गल्लीतली दारं ओळखू येत होती.

मोठी माय गेल्याला आता पन्नास वर्षं होतील. १९६४मध्ये गावाशेजारी आयुध निर्माणी उभी राहिली आणि वरणगाव बदललं. दूरदूरच्या मुलखांतून कामगार आले. आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू राहायला आले. ती बाई हिंदी बोलायची, मोठी माय लेवा बोलायची, आणि सहा महिन्यांत त्या बाईच्या तोंडी 'मले-तुले' आलं. मोठी मायनं हिंदीचा एक शब्दही शिकला नाही. पण त्या बाईच्या पहिल्या बाळंतपणात रात्रभर उशाशी तीच बसली होती.

हिवाळ्यात भरताचा बेत शेतात व्हायचा. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी-पांढरी मोठी वांगी. मोठी माय काडीनं वांगं उलटं करायची आणि देठाजवळ बोट दाबून बघायची. देठ मऊ लागला तरच वांगं बाहेर. सालं काढून लाकडाच्या खोलगट भांड्यात हिरवी मिरची, लसूण आणि वांगं मुसळीनं ठेचायची. मिरची तव्यावर परतायची नाही, जाळातच भाजायची, हा तिचा कायदा होता. सोबत कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. पहिला घास सालदाराच्या पोराला, मग आम्हांला. का, म्हणून मी एकदा रुसून विचारलं. "त्यानं वांगे तोडले. तू फक्त पाह्यले." एवढंच उत्तर. घामाची किंमत मला त्या वाक्यात कळली.

एकदा आमच्याकडं भाट आला. वंशावळीची लांब वही त्यानं ओसरीवर उलगडली आणि गुजराथेतून आलेल्या पूर्वजांपासून आमच्या घरापर्यंत सगळी नावं खणखणीत आवाजात वाचली. मोठी माय दाराआडून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिनं आजोबांकडून त्याला विचारवलं, यात आम्ही कुठं आहोत? भाटाच्या वहीत बायका नव्हत्या. त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं, दक्षिणा दिली, आणि संध्याकाळभर कोणाशी बोलली नाही.

आज काय दिसतं? आजी गेली की मोबाइलवर फोटोखाली दोन दिवे पेटतात, संध्याकाळपर्यंत स्टेटस निघून जातं. नातवंडं इंग्रजी शाळेत. एका शाळेत आमच्या गल्लीतला पोरगा 'केयी' म्हणाला म्हणून त्याला वर्गासमोर उभं केलं. त्या दिवसापासून तो घरी आजीशीही मराठी पुस्तकासारखी बोलतो, आणि आजी त्याच्याशी जपून बोलते. दोघांमधला पूल असा हळूहळू मोडतो. शब्द गेले की आठवण नुसती फोटोपुरती उरते. खापरावरची पुरणपोळी हॉटेलात मिळेल, कानबाईचे रोट विकतही मिळतील. पण त्या वेळी बाई काय म्हणायची, ते कुठं मिळणार?

तरुण मित्रांनो, मोठं पुस्तक लिहायची गरज नाही. सोपानदेव आणि पितांबर यांनी जे केलं तेच करा. आजी काम करत असताना शेजारी बसा आणि ती म्हणते तसं लिहून घ्या. सुधारू नका. 'ळ' ऐवजी 'य' असेल तर 'य'च लिहा. तिच्या सासूचं नाव विचारा, सासूच्या सासूचं विचारा. ती जिथं थांबेल तिथं तुमची वही थांबेल. पुढं न्यायला कुणी उरलेलं नसेल.

मी हे केलं नाही. मोठी मायची यादी मी दरवर्षी ऐकली, पण एकदाही लिहून घेतली नाही. गेल्या अखाजीला नव्वदीच्या आत्याला गाडीतून वरणगावला आणलं आणि चुलीपाशी बसवलं. आता चूल म्हणजे गॅसची शेगडी. आगारीसाठी पणतीत निखारे ठेवले. आत्याला तीन नावं आठवली. चौथ्या नावाशी ती अडखळली, डोळे मिटून बराच वेळ बसली, आणि म्हणाली, "ते मायले माहीत व्हतं."

ती तीन नावं वंशावळीच्या नव्या वहीत पहिल्या पानावर आहेत, माझ्या अक्षरात. त्यांच्याखाली एक ओळ कोरी सोडली आहे. यंदा घागर भरताना तीन घास नावानिशी टाकले, आणि चौथा त्या कोऱ्या ओळीच्या नावानं.