सादेलीची पेटी

सादेली म्हणजे लाकडाच्या लहान पेटीवर भौमितिक नक्षीचा पातळ पापुद्रा चिकटवण्याची कला. ती शिराझहून सिंधमार्गे सुरतेला आणि तिथून मुंबईला पोहोचली, असे जॉर्ज बर्डवूड यांनी 1880 साली हिंदुस्थानी कलाकारागिरीवरच्या ग्रंथात नोंदवले आहे. पारशी कारागिरांनी हे काम नावारूपाला आणले. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मुंबईच्या पेट्या मांडल्या गेल्या आणि युरोपात त्या ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून खपू लागल्या. या कलेचे माहेरघर सुरत तापीच्या मुखाशी आहे; त्याच नदीच्या खोऱ्यात वर धुळे, जळगाव, नंदुरबार येतात.

या कामाचे खरे मर्म नक्षी कापण्यात नसून ती आधीच बांधून ठेवण्यात आहे. चंदन, शिसव, पतंगाचे तांबडे लाकूड, पांढरे व हिरवे रंगवलेले हस्तिदंत आणि कथील यांच्या बारीक, बहुधा त्रिकोणी छेदाच्या काड्या तयार करतात. त्या सरसाने जोडून, दोऱ्याने घट्ट आवळून षटकोनी किंवा चांदणीसारखा जुडगा बनतो. जुडगा पुरता वाळला की बारीक दात्यांच्या करवतीने त्याचे आडवे काप काढतात. अळूवडीच्या उंड्याचा कुठलाही काप घेतला तरी वेटोळे तेच दिसते, तसाच प्रत्येक कापात तोच तारा उमटतो. मापात केसभर चूक झाली तर तीही प्रत्येक कापात उतरते, म्हणून काड्या घडवतानाच कारागिराचा कस लागतो.

मग हे काप पेटीच्या पाटावर शेजारी शेजारी लावून दाबाखाली ठेवायचे, सुकल्यावर घासून सपाट करायचे आणि चपड्या लाखेचे पॉलिश द्यायचे. कापाच्या तोंडाशी लाकडाचे रेषे उभे असतात आणि ते सरस शोषून घेतात. म्हणून आधी पातळ सरसाचा एक हात द्यावा. पाटाच्या आतल्या बाजूलाही लाकडाचा पापुद्रा लावावा, नाहीतर पाट एका बाजूला ओढला जाऊन वाकतो. धुळ्यात ही काळजी जास्तच घ्यावी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाऊन लाकूड आकसते आणि पावसाळ्यात पुन्हा फुगते. कथिलावर दमटपणाचा परिणाम होत नाही, त्यामुळे जुन्या पेट्यांत भेगा पडतात त्या बहुधा कथिलाच्या कडेने.

हस्तिदंत आता नाही, आणि ते योग्यच झाले. वन्यजीव संरक्षण कायद्यातील 1986 च्या दुरुस्तीने देशी आणि 1991 च्या दुरुस्तीने आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. त्या जागी आलेले प्लास्टिक मात्र लाकडाशेजारी उपरे दिसते. त्याहून चांगला पर्याय सातपुड्यातच आहे. काळ्या कुड्याचे लाकूड पांढरट आणि अगदी बारीक पोताचे असते; कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच लाकडाची होतात. पिवळ्यासाठी हेदू, काळ्यासाठी टेंभुर्णीचा गाभा, गडद तांबूस रंगासाठी खानदेशच्या कोरड्या डोंगरउतारांवरचा अंजन. अंजन इतका कठीण की त्याच्या काड्या काढताना करवतीची धार पुन्हा पुन्हा लावावी लागते, पण पॉलिश झाल्यावर तो शिसवाच्या तोडीस तोड दिसतो.

एवढ्याशा कामाला झाड तोडावे लागत नाही. काड्या हातभरही लांब लागत नाहीत आणि फर्निचरच्या कारखान्यात उरलेले तुकडे पुरतात. धुळे-जळगावात सुतारकाम शिकणाऱ्यांनी पहिली पेटी परदेशी व्हिनियर विकत आणून न करता आपल्या डोंगरातल्या या लाकडांची करून पाहावी.