चरकावर घडणारे सैन्य

१८४९ मध्ये नॅथॅनिएल कुक यांनी लंडनच्या सरकारी दप्तरी नोंदविलेली, जेक्स यांच्या कारखान्यात घडलेली आणि बुद्धिबळपटू हॉवर्ड स्टाँटन यांच्या नावाने रूढ झालेली मोहऱ्यांची आकृती आजही प्रमाण मानली जाते, याचे श्रेय तिच्या सौष्ठवाइतकेच कातकामाच्या सोयीलाही द्यावे लागेल. कारण राजा, वजीर, उंट, हत्ती आणि प्यादे यांचे देह चरकावर फिरणाऱ्या सुकलेल्या लाकडातून वर्तुळाकार उतरतात. घोडा मात्र या नियमास अपवाद. त्याची बैठक तेवढी चरकावर होते, मस्तक हातानेच कोरावे लागते, आणि असे संच घडविणाऱ्या अमृतसरच्या कारागिरांचे खरे कसब तेथेच प्रकट होते. बुडात वजन भरून खाली बनात चिकटविली, की स्पर्धेतला सुमारे ९५ मिलिमीटर उंचीचा राजा पटावर स्थिर राहतो. लाकडी संच विकत घेताना वाचकांनी प्रथम घोडाच निरखावा.