सर्वांसाठी संग्रहालय (लेखांक 5) : ई-जे-के-बी-एच म्हणजे मराठी

मागच्या आठवड्यात आपण दारापर्यंत आलो होतो. पायऱ्या, उतार, कठडा एवढंच बोललो. आज आत जायचं, पण फोनवरून.

धुळ्याच्या देवपुरात आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. आयुष्यभर इतिहास शिकवला, उतारवयात काचबिंदूने नजर गेली. आता फोनमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर त्यांना पडद्यावरच्या बातम्या वाचून दाखवतो. एका संस्थेची माहितीपुस्तिका मी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवली. मला पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसत होती. गुरुजींच्या फोनमधून मात्र आवाज आला, "ई, जे, के, बी, एच..."

"काय पाठवलं रे भाऊ हे?" गुरुजी म्हणाले.

पाठवली होती मराठीच, पण कृतिदेव फॉन्टातली. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. जुन्या फॉन्टांत तसं नसतं. तिथे आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त वरून देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहायचं तर ई, जे, के, बी, एच या कळा दाबाव्या लागतात. आपले डोळे मुखवट्याला फसतात, स्क्रीन रीडर फसत नाही. तो आतलं आहे तसं वाचतो. अशा पुस्तिकेत 'शिवाजी' शोधलंत तर डोळसांनाही तो सापडणार नाही.

याहून वाईट म्हणजे नुसती स्कॅन केलेली पानं. संगणकाच्या लेखी तो कागदाचा फोटो असतो, मजकूर नव्हे. तिथे फोन गप्पच बसतो.

धुळ्यात हा विषय दूरचा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी याच गावात वारले आणि त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. मूर्ती, नाणी, कागदपत्रं तिथे जपली गेली. शंकर श्रीकृष्ण देवांच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितं आहेत. पांझरा नदीच्या दोन्ही काठांवरच्या माणसांना या ठेव्याचा अभिमान आहे. आता मराठेशाहीतलं एखादं मोडी पत्र समोर ठेवा. ते वाचता येत नाही या बाबतीत मी आणि गुरुजी एकाच पंगतीत बसतो. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती 2014 मध्ये. पण त्या पत्राचं बाळबोध लिप्यंतर युनिकोडमध्ये टंकून ठेवलं, की मी ते वाचू शकतो आणि गुरुजी ऐकू शकतात. एकाच कामात दोघांची सोय. मला तर सगळ्यांत आधी करायचं काम हेच वाटतं.

वस्तूंचं काय? संकेतस्थळावर ताम्रपटाचं छायाचित्र असतं आणि त्याखाली 'ताम्रपट'. काही ठिकाणी तेवढंही नसतं, मग फोन फाइलचा क्रमांक वाचतो. छायाचित्राला पर्यायी मजकूर जोडायची सोय जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळात असते, तो रकाना आपण रिकामा सोडतो. राष्ट्रकूटकालीन नमुन्याचा ताम्रपट असेल तर मी साधारण असं लिहीन : 'तांब्याचे तीन पत्रे, डावीकडे भोक पाडून एका जाड कडीत ओवलेले. कडीच्या सांध्यावर मुद्रा, मुद्रेवर गरुड. कोरीव अक्षरं झिजू नयेत म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी.' गुरुजींना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "पत्रा केवढा? तळहाताएवढा की ताटाएवढा?" माप राहूनच गेलं होतं. पाहणाऱ्याला जे आपोआप कळतं तेच लिहिताना हमखास सुटतं.

स्पर्शाची जोड मिळाली तर उत्तमच. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 मध्ये 'अनुभव' हे दालन सुरू झालं. तिथे 22 प्रतिकृती हाताळता येतात, सोबत ब्रेल आणि ध्वनिवर्णन आहे. आपल्याकडे जळगावच्या जैन हिल्सवर 2012 मध्ये सुरू झालेलं गांधी तीर्थ कानाला हेडफोन लावून ऐकत पाहता येतं. पण 'समोरच्या चित्रात पाहा' असं सांगणारं निवेदन आणि चित्रात काय आहे ते सांगणारं निवेदन, यांत फार अंतर आहे. आणि खानदेशातलं ध्वनिवर्णन अहिराणीतही का नसावं? साक्री-शिरपूरच्या खेड्यातून आलेल्या आजीला पुस्तकी मराठीही परकीच वाटते.

हे दानधर्माचं काम आहे असं कुणी समजू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनाचा हक्क स्वतंत्र कलमात आहे, 29 व्या. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी स्पष्ट केलं.

पैशांची अडचण खरीच आहे, लहान संग्रहालयांना तर फारच. पण जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं फुकट मिळतात आणि संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडरही फुकट आहे. लागतात ती वर्णनं लिहिणारी माणसं. देवपुरात निवृत्त शिक्षकांना तोटा नाही. जवळच्या संग्रहालयात जा, परवानगी घ्या आणि एका वस्तूचं वर्णन लिहा. ते आधी न पाहू शकणाऱ्या माणसाला ऐकवा. पत्र्याचं माप मात्र विसरू नका.

(पुढील आठवड्यात : खुणांच्या भाषेतला मार्गदर्शक)