सोने येते कुठून?

जळगावचे सोने सगळीकडे नावाजलेले आहे. पण ते जळगावच्या जमिनीतून निघत नाही. आपल्या धुळे-जळगावकडचा काळा दगड लाव्ह्याचा. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. त्या फार जुन्या खडकात, पांढऱ्या गारेच्या पट्ट्यांत सापडतात.

असा खडक कर्नाटकात कोलारला आहे. तिथे १८८० साली जॉन टेलर यांच्या इंग्रज कंपनीने काम हाती घेतले. नफा विलायतेला जाई, आणि खाली उतरत ते आपले मजूर. खाण पुढे ३ किलोमीटरहून खोल गेली. तिथे उकाडा भयंकर. दाबाने दगड एकाएकी फुटून माणसे मरत. दगडाची धूळ छातीत बसून कायमचा आजार जडे.

दगड फोडायचा, त्याचं पीठ करायचं, मग सायनाइड या विषारी औषधाने त्यातलं सोनं वेगळं करायचं. शेवटी शेवटी १ टन दगडातून सुमारे ३ ग्रॅम सोने मिळे. मी हिशेब केला. १ ग्रॅमच्या मण्यासाठी ३०० किलोहून जास्त दगड!

खर्च परवडेना, म्हणून २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. हजारो कामगारांचं काम गेलं. दळलेल्या दगडाच्या टेकड्या मात्र तिथेच आहेत. त्यांत अजून थोडे सोने आहे. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण चालू आहे.

आई म्हणते, सोनं जपून ठेवावं. मला वाटते, ते काढणाऱ्यांची आठवणही जपावी.

– इयत्ता सातवी